अल्काबाईची मोडलेली साक्ष

केशोरीत बिसरामच्या अंगणात टिनाचा मांडव आहे. रविवारी सकाळी तिथं प्रार्थना भरते, आणि प्रार्थनेतली सगळ्यांच्या आवडीची वेळ म्हणजे साक्षीची. उपदेशाला डुलक्या घेणारी माणसंसुद्धा साक्षीला सरसावून बसतात. साक्ष म्हणजे चार माणसांत उभं राहून सांगायचं, की देवानं माझ्यासाठी काय केलं. कुणाची हरवलेली म्हैस सापडते, कुणाचा ताप उतरतो, कुणाचा जावई दारू सोडतो. त्याच जावयानं पोळ्याला पुन्हा बाटली धरली तर ते सांगायला मात्र कुणी उभं राहत नसे. तशी पद्धतच नव्हती.

अल्काबाईची साक्ष सगळ्यात शेवटी. पास्टर भूपेंद्र देवरीकडचे, त्यांची मराठी हिंदीच्या आधारानं चालते. ते म्हणायचे, "अब हमारी अल्काबहन." मग अल्काबाई पदर डोक्यावर घेऊन उठायची आणि सांगायची, की मला जन्मापासून सिकल होता, हाडं फुटतील असं दुखायचं, आणि प्रभूनं मला बरं केलं. मांडव "हालेलूया"नं दणाणून जायचा. उठण्याआधी तिनं पदराची गाठ सोडून दुखण्याची एक गोळी हळूच तोंडात टाकलेली असायची, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नसे. मागं बसणाऱ्या जमुनाबाईनं एकदा विचारलं होतं, "का वो, पेपरमिंट आहे का? मले बी दे ना." अल्काबाईनं मागं न बघताच सांगितलं, "सरली."

आता एवढं ऐकून कुणी तिला लबाड ठरवून मोकळा होईल, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं: ही साक्ष पहिल्यांदा दिली तेव्हा ती खरी होती. नंतर खोटी झाली. दूध नासतं तशी, कुणी काही न करता.

अल्काबाईचं माहेर नागऱ्याचं. लहानपणी तिच्या दुखण्याला नाव नव्हतं. सिकल हा रक्ताचा आजार, आईकडूनही येतो आणि बापाकडूनही येतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि जिथं अडकतात तिथलं हाड ठणकायला लागतं. धानाच्या या पट्ट्यात तो घरोघरी आहे. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक? रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, गारढोण पाण्यात दिवसभर वाकून उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी अल्का खाटेवर कण्हत पडायची, आणि बांधावर बायका म्हणायच्या, "रोवनीच्याच दिवसांत कसं दुखते वो हिचं अंग?" बोलणं बरोबरच होतं त्यांचं. गार पाण्यानंच ते दुखणं उठायचं. पण बायकांना म्हणायचं होतं की पोरगी कामचोर आहे, आणि पुढं अल्कालाही तसंच वाटायला लागलं. दुखणं एक वेळ सोसवतं. आपण नाटकी आहोत असं स्वतःलाच वाटू लागलं, की माणूस आतून खचतो.

लग्न होऊन ती केशोरीला आली. नवरा रत्नपाल गवंडी. भिंत ओळंब्यात आणि बोलणं सरळ. घर बौद्ध, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, संध्याकाळी वंदना. लग्नानंतर गावात रक्ततपासणीचं शिबिर आलं तेव्हा दुखण्याला नाव मिळालं. नाव मिळाल्यानं दुखणं काही कमी झालं नाही, पण 'नाटक' हा शब्द घरातून गेला. पोटी मूल लवकर राहिलं नाही. राहिलं तेव्हा टिकलं नाही. अल्का शिवणकाम शिकली, आणि पायानं मशीन चालवताना तिच्या पोटऱ्या भरून येतात हे पाहून रत्नपालनं मशीनला मोटर बसवून दिली. प्रेमाच्या चार गोष्टी काही त्याला कधी बोलता आल्या नाहीत. मोटर मात्र चांगली बसवली.

एका थंडीत दुखणं असं उठलं, की तिला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. बायकांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण होती, आणि तिच्यासोबत तिची सासू, चिचगडची पार्वताबाई. मोहफुलं आणि तेंदूपानं वेचून हाताचे तळवे खरखरीत झालेली म्हातारी. दुपारी सून झोपली तशी ती उठली आणि काही न विचारता अल्काच्या पायथ्याशी येऊन बसली. दोन्ही नडग्यांवर आपले गरम हात ठेवले.

"कोनं पाठवलं तुमाले?" अल्कानं दात आवळून विचारलं.

"कोनी नाही. तू कण्हून राहिली, मले घास नाही जाऊन राहिला." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुहं दुखनं मले काढता नाही येत, बाई. पन तुले दुखन तोवर मी इथंच बसून राहीन. माहा प्रभू बी असाच आहे. बसून राहते."

आजवर अल्काला दुखण्यावर दोनच गोष्टी सांगणारे भेटले होते. एक म्हणायचे, काही नाही, उठ, कामाला लाग. दुसरे म्हणायचे, अमुक बाबाकडे जा, तमुक मुळी घे. नुसतं बसून राहणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हातारीच्या हाताखाली तिला त्या दुपारी झोप लागली. जागी झाली तेव्हा म्हातारी तिथंच होती, मान कलंडून घोरत होती, आणि हात मात्र नडग्यांवरच. अल्काला तेव्हा रडू आलं. दुखण्याचं नव्हे, वेगळंच. पार्वताबाईच्या त्या प्रभूची चौकशी तिनं तिथूनच सुरू केली.

केशोरीला आल्यावर ती बिसरामच्या मांडवात जायला लागली. वस्तीत कुजबुज झाली. रत्नपाल म्हणाला, "तू जा. मले ओढजो नोको." तिनं ते कायम पाळलं. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मात्र ती आजही हात जोडते. "ज्यानं आमाले मानूस म्हनून उभं केलं, त्याच्यापुढं हात जोडाले मले कोनाला इचारा नाही लागत," असं तिनं एकदा पास्टरांनाच ऐकवलं होतं. पास्टर शहाणे, त्यांनी विषय बदलला.

त्याच वर्षी दवाखान्यातून तिला एक रोजची कॅप्सूल सुरू झाली. ते अख्खं वर्ष मोठं दुखणं उठलं नाही. पाऊस गेला, धान कापून झालं आणि मांडवात कापणीचा सण आला. त्या दिवशी जो तो आपल्या घरचं काही आणतो, कुणी पायलीभर नवं धान, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, आणि प्रार्थना झाली की त्याचा लिलाव करून आपणच एकमेकांचं विकत घेतो. त्या गर्दीत अल्काबाई पहिल्यांदाच साक्षीला उभी राहिली आणि आनंदाच्या भरात बोलून गेली, "प्रभूनं मले बरं केलं." कॅप्सूलचं सांगायचं राहून गेलं. लपवलं नव्हतं. आनंदात कुणाला कॅप्सूल आठवते?

गावात बातमीला पाय फुटतात, मांडवात पंख फुटतात. तिला चिचगडला बोलावणं आलं, देवरीला आलं. सिकल बरा झालेली बाई पाहायला लोक जमायला लागले. वाटेत कुणीतरी जोडून दिलं, की अल्काबाईनं सगळ्या गोळ्या तलावात फेकून दिल्या. हे ती स्वतः कधी बोलली नव्हती. पण कुणी तिच्यासमोर बोललं तर तिनं नाहीही म्हटलं नाही.

पुढच्या थंडीत दुखणं परत आलं.

आता सांगायचं कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. साक्ष तिची एकटीची उरलीच नव्हती. तिच्यावर विसंबून माणसं मांडवात येत होती. मग ती घरात कण्हायला लागली आणि मांडवात बरी राहायला लागली. दुखण्यापेक्षा ते लपवायचं काम जड होतं. आणि सगळ्यात वाईट हे, की पूर्वी दुखताना तिला कुणीतरी पायथ्याशी बसल्यासारखं वाटायचं, ते वाटेनासं झालं. रत्नपालनं एकदा गरम पाण्याची पिशवी तिच्या पाठीला लावता लावता विचारलं, "तिथं बरी आहो म्हनतं, इथं कण्हतं. तुह्या देवाले यातली कोनती अल्का माहीत आहे?"

तिनं तोंड उशीत खुपसलं. तो पुन्हा म्हणाला, "आमच्या तथागतानं पहिलीच गोष्ट सांगतली, दुःख आहे. लपवलं नाही काही." आणि पिशवीतलं पाणी बदलायला उठून गेला.

अशी काही वर्षं गेली, आणि मग रीना शिवण शिकायला आली.

रीना ही चौकात पानठेला चालवणाऱ्या खेमराजची पोरगी. बारावी झाली, पुढं कॉलेजला जायची, पण तिलाही सिकल. अर्धे दिवस वर्गात, अर्धे खाटेवर. शेवटी कॉलेज सुटलं. अल्काबाईची साक्ष ऐकूनच खेमराज आपल्या कुटुंबाला घेऊन प्रार्थनेला यायला लागला होता. पोरगी चुणचुणीत. एकदा दाखवलं की कटोरी ब्लाउजचं कापड बिनचूक कापायची, आणि तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात. अल्काबाईचा तिच्यावर जीव जडला. टिकलं असतं तर आपलंही लेकरू एवढंच असतं, असं तिच्या मनात यायचं, आणि ते ती मनातच ठेवायची.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली. एक दिवस अल्काबाई म्हणाली, "रीना, हुक दे बरं." रीनानं आपल्या पिशवीतून निळ्या झाकणाची प्लॅस्टिकची डबी काढली आणि हलवून पुढं केली. आत हुक आणि बटनं खुळखुळली.

अल्काबाईचा हात तिथंच थांबला. ती डबी ती चांगली ओळखत होती. तशीच डबी तिच्या स्वतःच्या मशीनच्या खणात, रिळांच्या मागं दडवलेली होती. दवाखान्यातून कॅप्सूल त्याच डबीत मिळत.

"यातल्या गोळ्या कुठं आहेत?"

"तलावात," रीना हसत म्हणाली. "तुमी नाही का फेकल्या, मावशी?"

अल्काबाईनं मशीनची मोटर बंद केली. थंडी तोंडावर आलेली. तिच्या स्वतःच्या अंगाला ठाऊक होतं, थंडी या आजाराला काय करते. आणि रीनाचा सिकल तिच्याहून जहाल होता.

तिनं खण उघडला, रिळं बाजूला केली आणि आपली डबी रीनापुढं ठेवली. "हे पाह्य. मी रोज घेतो. कधीच नाही फेकल्या. मी बरी नाही झाली, रीना. लोकं सांगत गेले आन् मी गप बसली. आजपासून तू सुरू कर."

कुणालाही वाटेल, इथं गोष्ट संपली. पण विश्वास बसलेलं माणूस सोपं नसतं. रीनानं डबीकडे पाहिलं, मग मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे चमकले. "तुमी माही परीक्षा पाहून राहिल्या, मावशी. ह्या जुन्या होयत, फेकाच्या राहिल्या असतीन. मांडवात एवढ्या लोकांसमोर, प्रभूसमोर तुमी काय खोटं बोलसान?"

या प्रश्नाला अल्काबाईकडे उत्तर होतं, पण ते मशीनपाशी बसून देता येण्यासारखं नव्हतं. चार माणसांत दिलेली साक्ष चार माणसांतच मोडावी लागते. खेमराजलाही तिनं जाऊन सांगितलं. तो बिचारा हात चोळत म्हणाला, "मी का सांगू तिले, बाई? माहं ऐकते का ते? तुमचंच ऐकते."

दुसऱ्या दिवशी ती पास्टर भूपेंद्रांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. पास्टर मनानं वाईट नव्हते. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली मोटरसायकल त्यांचीच उभी राहायची. पण ते घाबरले. "बहन, मैंने कभी कहा क्या, की गोळी बंद करो?"

"नाही म्हनलं तुमी. पन लोकं म्हनत होते, तवा थांबवलं बी नाही. मी बी नाही थांबवलं."

पास्टरांनी मोटरसायकलचा आरसा बाहीनं पुसला. "कापणी के सण में मत बोलो. बाहेरून लोक येतील. नवा विश्वास आहे उनका, कच्चा. टूट जायेगा. बाद में देखेंगे."

"थंडी बाद में येनार हाय का, पास्टर?" एवढं विचारून ती घरी आली.

सणाच्या आदल्या संध्याकाळपासून तिच्या उजव्या मांडीत ठणका सुरू झाला. काळजीनंही उठतं ते. सकाळी रत्नपाल म्हणाला, "आज नोको जाऊ." ती म्हणाली, "आजच जा लागते." त्यानं मग सणाला द्यायचा तिचा भोपळा उचलला आणि तिला गाडीवरून मांडवापर्यंत सोडलं. एरवी सोडून तो परत फिरायचा. त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली गाडी लावून उभा राहिला.

मांडव भरला होता. चिचगडची माणसं टेम्पो करून आली होती, पण पार्वताबाई त्यांत नव्हती. ती मागच्याच वर्षी वारली होती. पुढं चटईवर धान, भोपळे, केळीचा घड आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो उपदेशात मधूनमधून आपलं मत देत होता. साक्षी सुरू झाल्या. शेवटी पास्टरांनी अल्काबाईकडे पाहिलं. त्यांनी तिला बोलावलं नाही. पण सगळा मांडव वळून तिच्याकडेच पाहायला लागला, आणि दुसऱ्या रांगेत रीना, ओढणीच्या टोकाशी चाळा करत, कौतुकानं वाट बघत बसली होती.

अल्काबाई खांबाला धरून उठली. तिनं पदराची गाठ सोडली, गोळी काढली, सगळ्यांना दिसेल अशी तळहातावर धरली, आणि जवळच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली.

"हे दुखन्याची गोळी होय," ती म्हणाली. "पेपरमिंट नोहे. जमुनाबाई, तुमाले मी खोटं सांगतलं होतं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मले आज दुखून राहिलं. काल बी दुखत होतं. मी बरी नाही झाली. पहिल्यांदी सांगतलं त्या वर्षी मले खरंच वाटलं होतं, का बरी झाली. पन त्याच वर्षी दवाखान्यातून रोजची कॅप्सूल सुरू झाली होती, ते मी सांगतलं नाही. मंग दुखनं वापस आलं, ते बी सांगतलं नाही. गोळ्या मी तलावात कधीच नाही फेकल्या. आज सकाळी बी घेऊन आली. माह्या भरवशावर ज्यानं कोनं बंद केल्या असतीन, त्यानं आजच्या आज सुरू करा. हात जोडतो तुमच्यापुढं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. कोंबड्यानं तेवढे पंख फडफडवले. मग चैतराम उठला. वयानं मोठा, मांडवातला मानाचा माणूस. त्याच्या आवाजात राग नव्हता. पोराला आईनं फसवावं तसा दुखावलेला आवाज होता.

"मंग प्रभूनं तुह्यासाठी केलं तरी काय, बाई?"

अल्काबाईच्या मांडीत कळ उठली. तिनं खांब घट्ट धरला. घरून ठरवून आली होती ते सगळं बोलून संपलं होतं. आता जे बोलली ते ठरवलेलं नव्हतं.

"मी बी त्याले हेच इचारत होती, दादा. इतके वर्ष. मंग एक दिवस मनात आलं, का प्रभू मेल्यातून उठला, तो नवंकोरं अंग घेऊन उठला. मंग खिळ्यांचे भोकं काऊन नाही बुजवले त्यानं? देवच तो, त्याले का जड होतं? मी ब्लाउज शिवतो. चुकीची टीप पडली का अस्तराखाली लपवतो. त्यानं नाही लपवलं. चेले भेव खाऊन दार लावून बसले होते, त्यांच्यात गेला आन् पहिले हात दाखवले. हे पाहा म्हने, मीच होय. त्या भोकांवरूनच वळखलं त्यांनी." ती क्षणभर थांबली. "मले दुखते तवा तो येते माह्यापाशी, तेच भोकाचे हात घेऊन. बसून राहते. मी दुखनं लपवाले लागली, तवापासून तो मले दिसेनासा झाला होता. सांगाचं ठरवलं, आन् काल रडता रडता मले वाटलं, आहे. पायथ्यापाशी आहे. बरं नाही केलं त्यानं मले, दादा. सोडून बी नाही गेला. माही साक्ष एवढीच होय."

हालेलूया कुणी म्हटलं नाही. रीना उठली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं. माणसांच्या मधून वाट काढत ती मांडवाबाहेर गेली, आणि जाताना तिनं अल्काबाईकडे पाहिलंही नाही.

पुढं लिलाव झाला. दरवर्षी अल्काबाईच्या भोपळ्यावर उड्या पडायच्या. बऱ्या झालेल्या बाईच्या वेलाचा भोपळा, घरात आला तर गुण येईल असं लोकांना वाटे. यंदा पास्टरांनी तो उचलून धरला तर कुणी तोंड उघडेना. बायका चटईच्या काड्या मोडत बसल्या. शेवटी पास्टरांनी तो स्वतःच्या मोटरसायकलला बांधला. अल्काबाई जवळून जायला लागली तसे ते खाली मान घालून म्हणाले, "सब्जी तो अच्छी ही बनेगी, बहन." आणि मग दोरीची गाठ मारता मारता हळूच, "मेरे को बोलना चाहिए था. तुमसे पहले." पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी त्यांनी म्हटलं, की ज्यांच्या प्रार्थनेला अजून उत्तर आलं नाही त्यांनीही उभं राहावं. कुणी उभं राहिलं नाही, पण रडल्या पुष्कळ जणी.

सणानंतर रीना शिवणाला आली नाही. अल्काबाई तिच्या घरी गेली तर आतून रीनाचाच आवाज आला, "झोपली आहो म्हना." थंडी पडली. आणि एका सकाळी खेमराज दारात उभा राहिला, पानठेला उघडायच्या वेळी.

"रीनाले पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात भरती केलं, बाई. लय दुखून राहिलं. तुमचं नाव घेऊन राहिली. रागानं घेते का कशानं घेते, ते काही समजत नाही."

रत्नपालनं गाडी काढली. सीटवर घरची उशी बांधली.

रीना भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताला सलाईन, ओठ कोरडे, गुडघे पोटाशी. अल्काबाई पायथ्याशी बसली आणि तिच्या नडग्यांवर हात ठेवले.

"हात काढा."

अल्काबाईनं हात काढले. उठली मात्र नाही. स्टूल ओढून तिथंच बसली. वॉर्डात कुणाचं पोरगं रडत होतं, कुणी चहाची किटली घेऊन फिरत होतं. सलाईनची बाटली निम्मी झाली.

"आहात का अजून?" भिंतीकडूनच आवाज आला.

"आहो."

"तुमाले बी दुखत असन."

"दुखून राहिलं ना."

"मंग घरी जा ना."

"घरी बी दुखते, इथं बी दुखते. इथं दोघी आहो."

मग चादरीखालून एक पाय हळूहळू सरकत स्टूलकडे आला. अल्काबाईनं तो मांडीवर घेतला.

"मी तुमच्या नावानं लय रडली, मावशी," रीना म्हणाली. "तुमी बऱ्या झाल्या म्हनून मी बी होईन, असं होतं माह्या मनात. तुमी सांगतलं, आन् सारंच गेलं." श्वास घ्यायला ती थांबली. "मंग रातभर दुखत होतं तवा वाटलं, मावशीले बी असंच दुखत असन. मी एकटी नोहो." आणि तिनं पहिल्यांदा मान वळवून विचारलं, "प्रभू हे दुखनं नेत काऊन नाही, मावशी?"

"मले नाही माहीत, बाई. माहीत असतं तर पहिले तुलेच सांगतलं असतं. तुले दुखन तोवर मी इथंच बसून राहीन, एवढं माहीत आहे."

रीनानं डोळे मिटले. कळ आली, तिनं अल्काबाईचा हात आवळून धरला, कळ गेली. एवढ्यात सिस्टर कॅप्सूल घेऊन आली. "कशात ठेवायच्या, डबी आहे का?"

रीनानं उशाशी असलेल्या पिशवीत हात घातला. घरच्यांनी घाईत कपड्यांबरोबर तिची शिवणाची पिशवीच उचलून आणली होती. निळ्या झाकणाची डबी तिनं काढली, उघडली, आणि आतली हुक-बटनं सगळीच्या सगळी अल्काबाईच्या पदरात ओतली. मग रिकामी डबी सिस्टरपुढं धरली.

अल्काबाईनं बटनं गोळा केली. पदराच्या ज्या गाठीत इतकी वर्षं ती दुखण्याच्या गोळ्या लपवत आली होती, त्याच गाठीत तिनं ती बांधली, आणि रीनाच्या नडग्यांवर पुन्हा हात ठेवले.